रेणू पडद्यावर हलवताना

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या याच सदरात काही दिवसांपूर्वी एका वाचकांनी विज्ञानाच्या व्याख्यानांतील अ‍ॅनिमेशनबद्दल नाराजी व्यक्त केली होती. पडद्यावर रेणू गरगर फिरतात, अणू उड्या मारत येतात, रंगांची उधळण होते आणि तास संपल्यावर विद्यार्थ्यांच्या हाती काही उरत नाही, त्यापेक्षा खडू-फळा बरा, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. मी गेली अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवते आणि रेणूंच्या प्रतिकृती पडद्यावर दाखवणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यांचे निरीक्षण मला मान्य आहे, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. रेणूची प्रतिकृती पडद्यावर हलली की ती हालचाल रेणूविषयी काहीतरी सांगू लागते, मग दाखवणाऱ्याच्या मनात तसे असो वा नसो. ती जे सांगते ते खरे असेल तर अ‍ॅनिमेशनसारखे दुसरे साधन नाही, आणि खोटे असेल तर फळ्यावरच्या चुकलेल्या आकृतीपेक्षा ते अधिक घातक आहे, कारण डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट मनातून सहजासहजी पुसली जात नाही. हा एकच मुद्दा मला मांडायचा आहे आणि तो नीट मांडण्यासाठी थोडी जास्त जागा मागते आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. पाण्याच्या रेणूसाठी मी पहिल्यांदा स्लाइड तयार केल्या तेव्हा ऑक्सिजनचा लाल गोळा मधोमध ठेवला आणि हायड्रोजनचे दोन पांढरे गोळे ‘बाउन्स’ हा इफेक्ट लावून वरून खाली आणले. ते तीन-चार टप्पे घेत आपापल्या जागी स्थिरावत आणि वर्गात जरा चैतन्य येई. पुढच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, हायड्रोजन पहिल्यांदा आपटून परत का जातो? त्याच वेळी बंध का तयार होत नाही?’ प्रश्न अगदी रास्त होता. पडद्यावर जे दिसले त्याचा तिने अर्थ लावला होता, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो लावायलाच हवा. त्या स्लाइडवर दोन बंधांमधला १०४.५ अंशांचा कोन मी काळजीपूर्वक मोजून काढला होता, आणि टप्पे मात्र सॉफ्टवेअरच्या यादीत सापडले म्हणून लावले होते. यातले खरे कोणते आणि निव्वळ सजावट कोणती, हे तिला कसे कळावे? त्या दिवशी मी तो इफेक्ट काढून टाकला आणि तेव्हापासून प्रत्येक हालचालीला एक प्रश्न विचारते: हे रेणूमध्ये खरोखर घडते का, किंवा निदान रेणूचा आकार समजायला याची मदत होते का? दोन्हींचे उत्तर नाही असेल तर ती हालचाल ठेवायची नाही.

आता मुळात हालचाल हवीच कशाला, याविषयी. रेणू त्रिमितीय असतो आणि कागद, फळा, पडदा हे सगळे सपाट असतात. ही अडचण रसायनशास्त्राला फार जुनी आहे. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात क्रोके या खेळाचे चेंडू रंगवून आणि सळ्यांनी जोडून रेणूंच्या प्रतिकृती दाखवल्या. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा आणि क्लोरीन हिरवा, हे आजही चालू असलेले रंग त्या चेंडूंपासूनच रूढ झाले. पण त्या प्रतिकृती सपाट होत्या. मिथेनचे चार हायड्रोजन कार्बनभोवती एकाच प्रतलात बसवलेले होते. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे रोखलेले असतात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी मांडले ते १८७४ साली. म्हणजे हॉफमन यांनी दिलेला रंग टिकला, आकार मात्र बदलावा लागला. प्रतिकृतीतला कोणता भाग खरा आणि कोणता सोयीचा, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासोबत आहे, आणि संगणकाने तो सोडवलेला नाही, फक्त त्यात हालचालीची भर घातली आहे.

ही भर मोलाची आहे. सायरस लेव्हिन्थॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील एमआयटीमध्ये प्रथिनांचे रेणू संगणकाच्या पडद्यावर आणले तेव्हा त्या पडद्यावर फक्त प्रकाशाच्या रेघा उमटत. छाया नव्हती, रंग नव्हता, पुढचे अणू मागच्यांना झाकत नव्हते. स्थिर असताना ते चित्र म्हणजे रेघांचा गुंता दिसे, पण ते फिरवताच त्यात खोली दिसू लागे. फिरणाऱ्या वस्तूची नुसती सावली पाहूनही माणसाला तिचा घनाकार कळतो, हे हान्स वॉलक आणि डी. एन. ओकॉनेल यांनी १९५३ सालीच प्रयोगांनी दाखवले होते. सावली स्थिर झाली की तो आकार नाहीसा होतो. रेणू फिरवण्यामागचे खरे कारण हे आहे. वर्गाचे लक्ष वेधून घेण्यासाठी रेणू फिरवत असू, तर आपण एका उत्तम साधनाचा अपव्यय करत आहोत.

मात्र फिरवणे पुरेसे नसते, आणि इथे एक बारकावा आहे जो अनुभवी शिक्षकांच्याही नजरेतून सुटतो. लॅक्टिक आम्लाच्या रेणूची नुसत्या बारीक काड्यांची प्रतिकृती मी एकदा पडद्यावर फिरत ठेवली. सगळ्या काड्या सारख्याच जाडीच्या, जवळचे-लांबचे सगळे सारखेच ठळक, आणि दूरचे लहान दिसण्याचा परिणाम बंद केलेला. मग विद्यार्थ्यांना विचारले, रेणू डावीकडून उजवीकडे फिरतो आहे की उजवीकडून डावीकडे? वर्गाची जवळपास दोन तटांत विभागणी झाली आणि दोन्हीकडचे विद्यार्थी आपापल्या उत्तराविषयी ठाम होते. दोन्ही बाजू एका अर्थी बरोबरही होत्या, कारण अशा चित्रात पुढचे काय आणि मागचे काय हे ठरवणारी कोणतीच खूण नसते. मेंदू स्वतःच एक बाजू निवडतो. पण ज्यांच्या मेंदूने उलट बाजू निवडली होती, त्यांना उलटी फिरणारी तीच वस्तू दिसत नव्हती, तिचे आरशातले प्रतिबिंब दिसत होते. लॅक्टिक आम्लाच्या बाबतीत याचा अर्थ असा की अर्धा वर्ग वेगळाच रेणू पाहत होता. व्यायामाच्या वेळी स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल या दोन प्रतिबिंबांपैकी एकाच प्रकारचे असते. प्रथिनांमधील अमिनो आम्ले, शर्करा, डीएनएचे उजव्या हाताचे मळसूत्र, या सगळ्यांत डावे-उजवे हाच तर विषयाचा गाभा आहे.

यावरचा उपाय सोपा आहे आणि रेणू दाखवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो आधीपासून असतो. लांबचे अणू लहान दिसू द्यावेत, मागचा भाग धुक्यात गेल्यासारखा फिका करावा, काड्यांऐवजी गोळे-काड्यांची प्रतिकृती घ्यावी म्हणजे पुढचा गोळा मागच्याला झाकतो. एवढे केले की दिशा सगळ्यांना एकच दिसते. शिवाय रेणू पूर्ण वर्तुळात फिरवत ठेवण्याची गरज क्वचितच असते. वीस-तीस अंश इकडे आणि तेवढेच तिकडे, असा पाळण्याच्या झोक्यासारखा हलवला तरी खोली पुरेशी कळते, आणि ज्या गटाविषयी आपण बोलत आहोत तो सतत समोर राहतो. पूर्ण फिरवल्यास तो निम्मा वेळ पाठीमागे जातो, आणि नेमके तेव्हाच शिक्षक म्हणत असतात, ‘हा बघा, हायड्रॉक्सिल गट.’ पॉवरपॉइंटमध्ये त्रिमितीय प्रतिकृतींसाठी जे इफेक्ट दिलेले आहेत त्यांत ‘स्विंग’ हा या कामाला चांगला आहे, ‘टर्नटेबल’ सावकाश फिरवून मधे थांबवला तर उपयोगी पडतो, आणि ‘जंप अँड टर्न’ हा रेणूला उडी मारायला लावणारा इफेक्ट रसायनशास्त्राच्या तासाला कधीही वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आकारापेक्षाही अ‍ॅनिमेशनची कसोटी लागते ती अभिक्रिया दाखवताना, कारण तिथे हालचालींचा क्रम हाच विषय असतो. मिथाइल ब्रोमाइडवर हायड्रॉक्साइड आयनाची अभिक्रिया होऊन मिथेनॉल तयार होते, हे उदाहरण घेते. ही द्विरेणवीय प्रतियोजन अभिक्रिया, जिला आम्ही एसएन-२ म्हणतो. हायड्रॉक्साइड ब्रोमीनच्या बरोबर विरुद्ध बाजूने कार्बनजवळ येतो, नवा बंध तयार होऊ लागतो त्याच वेळी १.९४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) लांबीचा कार्बन-ब्रोमीन बंध ताणला जाऊ लागतो, आणि वाऱ्याने छत्री उलटावी तसे तीन हायड्रोजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळतात. मधल्या एका क्षणी ते तिघे कार्बनसह एकाच प्रतलात असतात, एका बाजूला अर्धवट जुळलेला ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट सुटलेला ब्रोमीन. हे सगळे एकदमच होते, एकामागून एक नाही.

आता हे स्लाइडवर करायला बसा. सॉफ्टवेअर प्रत्येक इफेक्टसाठी विचारते की तो आधीच्या इफेक्टबरोबर सुरू करायचा की आधीचा संपल्यावर. बहुतेक जण सवयीने ‘आफ्टर प्रीव्हियस’ निवडतात, कारण तसे केल्यास सगळे सुटसुटीत दिसते. आधी ब्रोमीन बाहेर जातो, मग हायड्रॉक्साइड आत येतो. पण हे घडते एसएन-१ अभिक्रियेत, जिथे तृतीयक ब्युटाइल ब्रोमाइडसारख्या रेणूतून ब्रोमीन आधी निघून जातो, मागे सपाट कार्बन धनायन राहतो आणि त्यावर नंतर दोन्हीपैकी कोणत्याही बाजूने हल्ला होऊ शकतो. म्हणजे ड्रॉपडाउनमधला एक पर्याय बदलला की शिकवलेली अभिक्रियाच बदलते. स्लाइडच्या मथळ्यावर एसएन-२ लिहिलेले, तोंडाने शिक्षक एसएन-२ सांगत आहेत, आणि पडदा एसएन-१ दाखवतो आहे, असा प्रकार मी एका प्रशिक्षण वर्गात स्वतः पाहिला आहे. समोर बसलेले सगळे शिक्षकच होते आणि कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. नंतर परीक्षेत विद्यार्थी दोन यंत्रणांची सरमिसळ करतात तेव्हा आपण त्यांच्या पाठांतराला दोष देतो. ‘विथ प्रीव्हियस’ निवडून तिन्ही हालचाली एकाच क्षणी सुरू केल्या, मधल्या अवस्थेला घटकाभर थांबवले आणि दोन्ही अर्धवट बंध तुटक रेषांनी दाखवले, तर जे समजावायला फळ्यावर तीन आकृत्या आणि अनेक बाण लागतात ते दहा सेकंदांत डोळ्यांसमोर उभे राहते. ज्या वाचकांनी खडू-फळ्याची बाजू घेतली आहे त्यांनी हे एक उदाहरण अवश्य पाहावे. छत्री उलटण्याची क्रिया फळ्यावर दाखवता येत नाही, तिचे फक्त वर्णन करता येते.

दुसरी मोठी फसगत होते ती एका आकारातून दुसऱ्या आकारात रूपांतर दाखवताना. सुरुवातीची आणि शेवटची स्थिती दिली की सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः भरते. बरेचदा ते प्रत्येक अणूला जुन्या जागेवरून नव्या जागेवर सरळ रेषेत नेते. दिसायला हे अतिशय गुळगुळीत आणि देखणे असते. पण अणू एकमेकांना बांधलेले असतात, ते सरळ रेषेत हवे तसे जाऊ शकत नाहीत. सायक्लोहेक्झेनचे उदाहरण घ्या. त्याचे सहा कार्बनांचे कडे खुर्चीच्या आकाराचे असते आणि एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत ते सतत उलटत असते. दोन खुर्च्या देऊन संगणकाला मधला प्रवास सरळ रेषेत भरायला सांगितले, तर बरोबर मध्यावर सगळे कार्बन एका प्रतलात येतात आणि कडे चपटा षट्कोन होते. १.५४ अँगस्ट्रॉमचे बंध आखडून सुमारे १.४६ वर येतात आणि कोन १२० अंशांचे होतात. खरे सायक्लोहेक्झेन या चपट्या अवस्थेतून जातच नाही. ते आधी एका टोकाकडून मुरडते, अर्ध-खुर्चीतून पिळलेल्या नावेच्या आकारात जाते, तिथून दुसऱ्या अर्ध-खुर्चीमार्गे पलीकडे पोचते, आणि या वाटेवरचा चढ सुमारे ४५ किलोज्यूल प्रति मोल इतका असतो. विद्यार्थ्याने हीच वाट समजून घ्यायची आहे. देखण्या अ‍ॅनिमेशनने त्याला ती वाट न दाखवता डोंगराच्या आरपार नेले.

प्रथिनांत हा प्रकार याहून वाईट होतो. फेनिलअ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लातील कडे आपल्या अक्षाभोवती १८० अंशांनी उलटते तेव्हा अक्षाच्या दोन बाजूंचे कार्बन एकमेकांच्या जागा घेतात. सरळ रेषेने नेल्यास मध्यावर ते दोघे एकाच बिंदूवर येतात आणि संपूर्ण कडे मिटून एक काडी उरते. प्रथिनाच्या कण्यातील कोन तर वाटेल ते असूच शकत नाहीत. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखात कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य याचा नकाशाच मिळतो, आणि आजही प्रत्येक नवी प्रथिनरचना त्या नकाशावर ताडून पाहिली जाते. दोन टोकांच्या रचना तपासून घ्यायच्या आणि मधल्या शंभर फ्रेम मात्र तपासायच्या नाहीत, याला काय म्हणावे? मधल्या फ्रेमही आपणच लोकांसमोर ठेवत असतो. कायमेरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये भाग सरळ न सरकवता फिरकीच्या मार्गाने वळवण्याची आणि प्रत्येक टप्प्यावर रचना थोडी सावरून घेण्याची सोय आहे. ती वापरावी. तेही जमत नसेल तर दोन स्थिती एकमेकींत विरत जाताना दाखवाव्यात, म्हणजे पहिली फिकी होत जाते आणि दुसरी उमटत जाते. त्यातून मधल्या वाटेविषयी कोणताच दावा केला जात नाही. हा साधा ‘फेड’ इफेक्ट मला सर्वांत प्रामाणिक वाटतो आणि तो सर्वांत कमी वापरला जातो, याचे वाईट वाटते.

काळाचा प्रश्नही असाच आहे. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध एका सेकंदात सुमारे एक कोटी गुणिले एक कोटी वेळा ताणला आणि आखडला जातो. पडद्यावर आपण तो सेकंदाला एकदा हलवतो. त्या गतीने खऱ्या एका सेकंदातील सगळी स्पंदने दाखवायची झाली तर सुमारे ३२ लाख वर्षे लागतील. मंद गती दाखवणे चूक नाही, ती मंद आहे हे न सांगणे चूक आहे. त्यातही एकाच चित्रफितीत बंधाचे स्पंदन आणि प्रथिनाची घडी पडणे शेजारी शेजारी सारख्याच वेगाने दाखवले, तर एक क्रिया दुसरीहून कितीतरी पटींनी जलद आहे ही मुख्य गोष्टच हरवते. पडद्याच्या कोपऱ्यात काळाचा एक लहानसा आकडा ठेवायला फार कष्ट पडत नाहीत.

गतीची जातही खरी हवी. पेशींमध्ये एटीपी हे ऊर्जा पुरवणारे संयुग तयार करणारे एटीपी सिंथेज हे प्रथिन खरोखर फिरते. जपानमधील संशोधकांनी १९९७ साली त्याच्या फिरणाऱ्या दांड्याला चमकणारा अ‍ॅक्टिनचा धागा जोडला आणि तो धागा गोल फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला. एटीपीचे प्रमाण कमी ठेवल्यावर ते फिरणे १२० अंशांच्या टप्प्यांत होत असल्याचेही पुढे दिसले. तीन टप्पे, कारण एटीपीवर काम करणारी तीन ठिकाणे. तेच प्रथिन पंख्यासारखे एकसारखे फिरताना दाखवले की या तीनचा संबंध कळतच नाही. एक टप्पा, क्षणभर थांबा, पुन्हा टप्पा, असे दाखवले तर विद्यार्थी स्वतःच विचारतो की ते का थांबते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच धडा. पेशीतील धाग्यांवरून ओझे वाहून नेणाऱ्या कायनेसिनचीही तीच गत होते. त्याचे पाऊल सुमारे ८ नॅनोमीटरचे असते आणि आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंचे धक्के त्याला अखंड बसत असतात. बहुतेक अ‍ॅनिमेशनमध्ये पाणी काढून टाकलेले असते आणि कायनेसिन फिरायला निघाल्यासारखे सरळ, ठाम पावले टाकत जाते. मग रेणूंना आपण कुठे चाललो आहोत हे कळते, त्यांना हेतू असतो, अशी समजूत कोवळ्या मनात घर करते आणि ती पुढे उच्च शिक्षणातही सुटत नाही. पाणी काढल्याशिवाय काही दिसणार नाही हे मला मान्य आहे. पण निदान एकदा, काही सेकंदांसाठी, ते पाणी आणि तो थरथराट दाखवून मग ‘आता समजायला सोपे जावे म्हणून पाणी काढून टाकतो’ असे सांगत ते विरवता येते. असे केल्यावर वर्ग किती लक्षपूर्वक पाहतो, हे मी अनुभवले आहे.

काढून टाकणे, विरवणे, बाजूला सारणे हे इफेक्ट म्हणूनच मला आणण्या-नाचवण्यापेक्षा मोलाचे वाटतात. हिमोग्लोबिनमध्ये हजारो अणू असतात. ऑक्सिजन जोडला गेला की हीम या ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या भागातला लोहाचा अणू सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम सरकतो, आणि त्या इवल्याशा सरकण्याचा परिणाम म्हणून अखेर रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी वळतो. सगळे अणू एकदम दाखवले तर यातले काहीच दिसत नाही. आधी संपूर्ण रेणू, मग त्याचे पृष्ठ पारदर्शक होत जाते, आत जेन रिचर्डसन यांनी १९८०च्या सुमारास रूढ केलेल्या फितींच्या चित्रणातला सांगाडा दिसतो, मग बाकी सगळे फिके होऊन एकच हीम जवळ येते, लोह सरकते, आणि तिथून परत मागे येत संपूर्ण रेणू वळताना दिसतो. हा प्रवास एकाच अखंड चित्रफितीत झाला पाहिजे. मधे स्लाइड बदलली की आपण रेणूच्या कोणत्या भागात होतो हे विद्यार्थ्याला कळेनासे होते. लोहाची हालचाल वाढवून दाखवली असेल, तर तसे तिथेच लिहावे.

अ‍ॅनिमेशनने शिकणे आपोआप सुधारते, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही, हेही इथे नोंदवायला हवे. बार्बरा ट्व्हर्स्की, ज्युली मॉरिसन आणि मिरेय बेट्रांकूर यांनी २००२ साली या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. जिथे अ‍ॅनिमेशन स्थिर चित्रांपेक्षा सरस ठरल्याचे सांगितले गेले होते, तिथे बरेचदा त्यात स्थिर चित्रांपेक्षा जास्त माहिती घातलेली होती, असे त्यांना आढळले. शिवाय गुंतागुंतीची हालचाल वेगाने झाली तर पाहणाऱ्याला ती पकडताच येत नाही. नाराज वाचकांची तक्रार इथे शंभर टक्के खरी ठरते. म्हणून मी माझ्या चित्रफितीत मुद्दाम थांबे ठेवते, प्रत्येक थांब्यावर विद्यार्थ्यांना आधी विचारते की आता पुढे काय होईल, आणि मगच पुढे जाते. शक्य असेल तिथे रेणू त्यांच्या हाती सोपवते. जेमॉलसारखी मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालतात, आणि १९७१ साली अवघ्या ७ रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत आज दोन लाखांहून अधिक रचना कोणालाही विनामूल्य पाहता येतात. स्वतःच्या हाताने रेणू फिरवणाऱ्या विद्यार्थ्याला डावे-उजवे सांगावे लागत नाही.

रंगांबद्दल थोडेसेच. ऑक्सिजन लाल आणि क्लोरीन हिरवा ही रूढी मोडू नये, पण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे विद्यार्थी बहुतेक वर्गांत एखाद-दुसरे तरी असतात, म्हणून नुसत्या रंगावर न विसंबता अणूवर त्याचे चिन्ह लिहावे आणि रेणू फिरला तरी ते चिन्ह अणूसोबतच राहील आणि वाचता येईल असे पाहावे. लक्ष वेधण्यासाठी अणू भराभर उघडझाप करणे टाळावे. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारे चित्र काही व्यक्तींना झटका आणू शकते. त्याऐवजी बाकीचा रेणू मंद केला की हवा तो अणू आपोआप नजरेत भरतो.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. आपल्या दैनिकाच्या डिजिटल आवृत्तीत विषाणू, लशी, औषधे यांविषयीच्या बातम्यांसोबत रेणूंची अ‍ॅनिमेशन हल्ली वरचेवर दिसतात आणि वर्गात बसणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त लोक ती पाहतात. छायाचित्राखाली जशी ओळ असते तशी अशा प्रत्येक चित्रफितीखाली एक ओळ आपण देऊ लागलात तर फार मोठे काम होईल. रचना प्रयोगातून मिळालेली आहे की संगणकाने वर्तवलेली, गती किती पटींनी मंद केली आहे, मधली हालचाल मोजलेली आहे की कल्पिलेली, आणि काय काय काढून टाकले आहे, एवढेच त्या ओळीत असावे. ती तपासून देण्यासाठी माझ्यासारखे अनेक शिक्षक आनंदाने वेळ देतील. मी स्वतः माझ्या सगळ्या स्लाइडखाली अशी ओळ घालायला सुरुवात केली आहे. पाण्याच्या रेणूच्या स्लाइडखाली आता लिहिलेले आहे: ‘बंधकोन खरा, रंग सोयीसाठी, अणू येताना दाखवलेला मार्ग काल्पनिक.’

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका